अम्मींच्या डब्यातले पंच्याहत्तर नग



गेल्या महिन्यात जामखेड तालुक्यातून एका भगिनीचं पत्र आलं. चार पानी, वहीच्या कागदावर, आणि सोबत नाण्यांची यादी. यादी इतकी नीट की माझ्या बँकेतल्या नोकरीत मी अशी स्वच्छ यादी फार थोड्या वेळा पाहिली. पत्राचा मतलब असा. अम्मींचा इंतकाल होऊन वर्ष झालं. अब्बा त्यांच्या आधीच गेले. दोन भाऊ आणि ही एक बहीण. घर-जमिनीचं बोलणं रीतसर झालं, पण कपाटातल्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जुनी नाणी निघाली. भावांनी गावातल्या बाजाराच्या दिवशी येणाऱ्या एका व्यापाऱ्याला ती दाखवली. त्याने सगळ्या डब्याचे एकगठ्ठा चाळीस हजार सांगितले आणि पुढच्या जुम्म्यापर्यंत मुदत दिली. धाकट्या भावाचं म्हणणं, देऊन टाकू. थोरल्याचं म्हणणं, चांदी विकू, गिन्नी आठवण म्हणून माझ्याकडे राहू दे, आणि तांब्याचे पैसे आपाला देऊ, तिला लहानपणापासून त्यांची आवड आहे.

बहिणीचा प्रश्न दोन ओळींचा आहे. "मला भांडायचं नाही. पण या डब्याची खरी किंमत काय, हे कळल्याशिवाय हो म्हणू की नको म्हणू?"

भावांची नियत वाईट असल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. माहिती नाही, एवढंच. आणि अशी पत्रं मला वर्षाला पाच-सात तरी येतात, म्हणून या वेळी एका डब्याचाच हिशेब पूर्ण मांडतो. यादीत पंच्याहत्तर नग आहेत: इंग्रजी अमलातले रुपये ४३, निजामचे चारमिनार छाप रुपये ८, तांब्याची आणि इतर किरकोळ नाणी २१, एक गिन्नी, एक आफ्रिकेचं नाणं आणि एक जाडजूड पितळी चकती.

आधी रुपयाचं बोलू, कारण डब्याचं वजन त्यातच आहे.

आपल्या घरांत "कलदार" म्हणतात तो चांदीचा रुपया १८३५ साली कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकसारखा केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हेच वजन तोळा म्हणून पक्कं झालं. जुनी माणसं सराफाच्या ताजव्यात वजनाच्या जागी रुपया टाकत, ते उगीच नाही. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, एक भाग तांबं वगैरे. म्हणजे एका कोऱ्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. हा एकच आकडा घरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवावा. विल्यम राजा, व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सगळ्यांच्या रुपयाला तो लागू आहे, आणि सहाव्या जॉर्जच्या १९३८ आणि १९३९ च्या रुपयालाही.

१९४० पासून मात्र हिशेब बदलतो. लढाईच्या दिवसांत चांदीची टंचाई झाली आणि सरकारने रुपयात चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच, चेहरा तोच, पण शुद्ध चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. ओळखायचं साल पाहून, आणि कडेला बोट फिरवून. जुन्या रुपयाच्या कडेवर नुसत्या उभ्या रेघा असतात. या निम्म्या चांदीच्या रुपयाच्या कडेवर मधोमध एक खाच पाडलेली असते, नकली पाडणाऱ्यांना अवघड जावं म्हणून. पुढे १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया येतो. त्यात चांदी अजिबात नाही, तो निकेलचा. फ्रिजवर चिकटवायचं लोहचुंबक जवळ नेलं तर तो पटकन धरतो. मी एका लग्नात आहेराच्या ताटात असे अकरा रुपये "चांदीचे" म्हणून ठेवलेले पाहिले आहेत. बोललो नाही. लग्नात कोण बोलतो.

आता बहिणीची यादी. १८४० चे ४, १८६२ चे ९, त्यानंतरचे राणीचे ७, एडवर्डचे ६, पाचव्या जॉर्जचे १२. हे झाले ३८, सगळे पूर्ण चांदीचे. सहाव्या जॉर्जचे ५, चौघांवर १९४४ आणि एकावर १९४५. म्हणजे निम्म्या चांदीचे.

१८४० पाहून थोरल्या भावाला वाटलं की हे सगळ्यात जुने म्हणून सगळ्यात महाग. असं होत नाही. १८४० हे साल घातलेले रुपये पुढे वीस-बावीस वर्षं पाडले जात राहिले; साल बदललंच नाही. १८६२ चंही तेच. त्या सालाचे रुपये १८७४ पर्यंत पडले. मुंबईच्या टांकसाळीने त्यावर बारीक ठिपके घालून वर्षाची खूण ठेवली. हौशी लोक भिंग घेऊन ते ठिपके मोजतात. १८४० च्या रुपयात एक फरक मात्र बघून ठेवा: राणीच्या नावाची अक्षरं डोक्यावरून सलग गेली आहेत, की डोक्याच्या दोन बाजूंना तुटली आहेत. सलग अक्षरांचा आधीचा, तुटक अक्षरांचा नंतरचा. आणि "क्वीन" आहे की "एम्प्रेस" हेही. १८७७ पासून ती एम्प्रेस झाली.

मग महाग काय? जे थोडे पडले आणि चांगल्या अवस्थेत उरले ते. या मालिकेत सगळ्यांत नाव घेतलं जातं ते १९३९ च्या रुपयाचं. तो फार दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच बाजारात त्याच्या नकला आणि साल कोरून बदललेले रुपये भरपूर आहेत. कुणी १९३९ चा रुपया दाखवला आणि त्याच्या कडेवर ती मधली खाच असली, तर समजावं की १९४० नंतरच्या रुपयाचं साल बदललंय. यादीत तो नाही, मी दोनदा तपासलं.

पण यादीत एक १९११ चा आहे. बहिणीने लिहिलंय, "हा एक वेगळ्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेला होता."

त्याची हकिकत आपल्या वाचकांना माहीत असायला हवी. पाचवा जॉर्ज गादीवर आल्यावर नवा रुपया निघाला. राजाच्या अंगावर झगा, गळ्यात मानाच्या पदकांची साखळी, साखळीत हत्ती. तो हत्ती कोरणाऱ्याने इतका लहान आणि आखूड सोंडेचा कोरला की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमानांमध्ये नाराजी पसरली. हातात, खिशात, मशिदीत नेणार असलेल्या पैशावर ते चित्र कुणाला चालणार? सरकारने ते रुपये थांबवले. टांकसाळीत पडलेले बहुतेक पुन्हा वितळवले, आणि १९१२ पासून हत्तीची सोंड स्पष्ट दिसेल असा नवा साचा आला. बाजारात शिरलेले थोडेच राहिले. त्यामुळे १९११ चा रुपया चांदीच्या भावात देऊ नये. लाखाचा नाही, पण त्याला हौशी गिऱ्हाईक नक्की मिळतं, आणि अक्षरं-चेहरा स्वच्छ असेल तर साध्या रुपयाच्या कित्येक पट मिळते. अम्मींच्या घरच्या कुणाला ही हकिकत ठाऊक होती म्हणून तो वेगळा बांधला, की नुसता योगायोग, अल्लाह जाणे.

याच राजाच्या १९१८ ते १९२० च्या रुपयांबद्दल एक मजेची गोष्ट. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदी इतकी कमी पडली की अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून जवळजवळ वीस कोटी औंस चांदी इकडे विकली. त्या काळातल्या रुपयांत ती चांदी गेली. आपल्या आजीच्या गळ्यातल्या माळेत अमेरिकेचा डॉलर बसलेला असू शकतो. अर्थात किंमत त्याने वाढत नाही.

निजामच्या रुपयांकडे वळू. जामखेड, पाथर्डी, शेवगावच्या पलीकडे बीड आणि औरंगाबाद, म्हणजे निजामचं राज्य. तिथले नातेसंबंध, तिथले बाजार, त्यामुळे आपल्या पूर्वेकडच्या तालुक्यांतल्या घरांत हाली सिक्का निघतोच. चारमिनारचा रुपया इंग्रजी रुपयापेक्षा हलका: ११.१८ ग्रॅम, आणि चांदीही कमी, हजारात ८१८ भाग. म्हणजे शुद्ध चांदी साधारण ९.१४ ग्रॅम. म्हणून हिशेब सात हाली म्हणजे सहा कलदार असा चाले. हे नाणं वाचायला आपल्या घरांत पंडित लागत नाही. ज्या मुलाने अरबी अक्षरं शिकली आहेत तो वाचेल. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर आहे: मीम असेल तर मीर महबूब अली खान, ऐन असेल तर मीर उस्मान अली खान. महबूब अली खान १९११ मध्ये गेले, त्यामुळे मीमचा रुपया आधीचा. कित्येक आसफजाही नाण्यांवर ९२ हा आकडाही दिसतो. ते साल नव्हे. अब्जदच्या हिशेबाने "मुहम्मद" या पाक नावाची ती बेरीज आहे. मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४.

साल हिजरी असतं. इसवी सन काढायचा तर हिजरी सालातून शंभराला तीन या दराने वजा करा आणि ६२१ मिळवा. १३३० असेल तर ४० वजा, १२९०, अधिक ६२१, म्हणजे १९११. एखादं वर्ष मागेपुढे होतं.

हीच रीत तांब्याच्या दोन पैशांना लागू पडली. बहीण लिहिते, "दोन पैशांवर तराजू आहे आणि पारड्यांच्या मध्ये काहीतरी लिहिलंय. माझ्या मुलाने 'अदल' असं वाचलं आणि खाली १२४९." शाबास त्या मुलाला. १२४९ मधून ३७ गेले १२१२, अधिक ६२१, १८३३. नाणं उलटलं की कंपनीचं चिन्ह आणि १८३३ साल दिसायला हवं. हा मुंबई इलाख्याचा पाव आणा. तराजू आणि "अदल", म्हणजे न्याय. कंपनीने राज्य घेतलं तरी नाण्यावर फारसी अक्षरं ठेवली, कारण रयतेला तीच ओळखीची होती. त्याच्याही आधी तर कंपनी बादशाह शाह आलमच्या नावानेच रुपये पाडत असे. मुंबईत पाडलेल्या सुरती रुपयावर जुलूस सन ४६ वर्षानुवर्षं तोच राहिला. असे रुपये लोक "मुघलांचे" म्हणून चढ्या भावात विकतात आणि घेणारे घेतात.

तराजूचे पैसे झिजलेले असले तर किरकोळ, उठावदार असले तर बऱ्यापैकी पैसे देतात, पण हजारोंचा व्यवहार नव्हे. बाकी ११ साधे पैसे, ५ भोकाचे पैसे आणि ३ चौकोनी चवल्या. भोकाचा पैसा १९४३ ते ४७ चा. तांबं वाचवायला मधोमध भोक पाडलं. घरोघरी आहे. मुलांना खेळायला द्या. (मुलांना हिशेब शिकवायलाही बरा: चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे चौसष्ट पैसे, आणि पैशाच्या पोटात पुन्हा तीन पै. माझी नात म्हणते, तुम्ही लोक बाजारहाट कसा करत होता?)

आणि आता गिन्नी.

पत्रात गिन्नीबद्दल दीडच ओळ आहे, आणि खरा वाटा तिथेच अडकलाय. इंग्रजांची सोन्याची गिन्नी म्हणजे सॉव्हरिन: वजन ७.९८ ग्रॅम, रुंदी २२ मिलिमीटर, सोनं बावीस कॅरेट. शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. आपल्याकडे ती पंधरा रुपयांना चालत असे. मागच्या बाजूला घोड्यावर बसून अजगराला मारणारा स्वार. त्याच्या पायाखालच्या जमिनीच्या रेघेवर एखादं बारीक इंग्रजी अक्षर असतं, ते कुठल्या टांकसाळीचं ते सांगतं: एस सिडनी, एम मेलबर्न, पी पर्थ, सी कॅनडा, एसए दक्षिण आफ्रिका. आणि "आय" असेल व साल १९१८ असेल, तर ती आपल्या मुंबईत पडलेली. मुंबईत सॉव्हरिन फक्त त्या एका वर्षी पडल्या. हौशी लोक ती शोधत असतात.

बहिणीच्या गिन्नीला माळेत ओवायला वर कडी डाखलेली आहे. हौशी गिऱ्हाईक अशी गिन्नी घेत नाही, किंवा पाडून मागतो. सोनं मात्र कुठे जात नाही. वजन करताना कडी धरून वजन होतं हे लक्षात ठेवा, आणि कडी काढायला जाऊ नका, त्यात गिन्नीच दुखावते. सराफाला कसोटीवर कस घ्यायला सांगा; गिन्नीच्याही नकला भरपूर आहेत, काहींत सोनं बरोबर असतं आणि काहींत नसतं.

आफ्रिकेचं नाणं म्हणजे सिंह आणि मागे डोंगर असलेलं ईस्ट आफ्रिकेचं शिलिंग. नानाजान लढाईत तिकडे होते असं पत्रात आहे, तिथूनच आलं असणार. त्यात चांदी फक्त चौथा हिस्सा, म्हणजे दोन ग्रॅमसुद्धा नाही. आमच्या नगरला छावणीचं शहर म्हणतात. जिल्ह्यातल्या फौजी घरांत अशी परमुलखातली नाणी खूप सापडतात. राजाचं डोकं पाहून ती आपली समजू नका. तोच राजा सिलोन, मॉरिशस, मलाया, हाँगकाँग सगळीकडे आहे. उलटी बाजू वाचा, देशाचं नाव तिथे मिळतं. खुद्द विलायतेची चांदीची नाणी असतील तर १९२० च्या आधीची हजारात ९२५ चांदीची, १९२० ते ४६ ची निम्म्या चांदीची, आणि १९४७ पासून पुढे चांदी शून्य.

राहिली ती पितळी चकती. तिच्यावर ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, एक आणा असं लिहिलंय आणि उलट्या बाजूला देवतेचं चित्र. चुलत भावाने मोबाईलवर व्हिडिओ पाहून सांगितलं, हिचे पाच लाख येतात. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. हे अलीकडचे ठोकळे आहेत, जत्रेत आणि रस्त्यावर विकले जातात. त्यांची किंमत पितळेइतकी.

त्याच व्हिडिओंतून दुसराही धंदा चालतो. "तुमच्याकडे ७८६ नंबरची नोट आहे? फोटो पाठवा, तीन लाख मिळतील." मग नोंदणीचे सहाशे, मग कराचे चार हजार, मग "रिझर्व्ह बँकेची फी". आपल्या समाजातली माणसं या ७८६ च्या जाळ्यात जरा लवकर अडकतात, हे कडवट वाटलं तरी लिहितो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर खुलासा केला आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, अशी फी-कमिशन घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. ७८६ ची नोट हौसेने थोडी जास्त देऊन घेणारे आहेत, पण विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतो.

आता हिशेब. भाव रोज हलतो, म्हणून सोपा आकडा धरतो: चांदी ग्रॅमला १०० रुपये, सोनं ग्रॅमला १०,००० रुपये. तुम्ही विकाल त्या दिवशीचा भाव लावा. पूर्ण चांदीचे ३८ रुपये, दर रुपयाला १०.६९, म्हणजे ४०६ ग्रॅम. निम्म्या चांदीचे ५, म्हणजे २९ ग्रॅम. चारमिनारचे ८, म्हणजे ७३ ग्रॅम. एकूण ५०८. नाणी हाताळून झिजतात, आठ ग्रॅम सोडून द्या. पाचशे ग्रॅम शुद्ध चांदी, पन्नास हजार रुपये. गिन्नीचं सोनं ७३ हजार. म्हणजे या कच्च्या भावानेही डबा एक लाख तेवीस हजारांचा झाला, आणि त्यात १९११ च्या रुपयाचं, तराजूच्या पैशांचं काहीच धरलेलं नाही. सराफ गाळणावळ आणि तूट कापेल, तेवढं कमी करा. तरी चाळीस हजारांत व्यापारी नुसती चांदीसुद्धा पुरी देत नव्हता. गिन्नी त्याला फुकट पडत होती.

आणि थोरल्या भावाच्या वाटणीत, त्यांना कळो न कळो, एकट्या गिन्नीचं वजन बाकी सगळ्या डब्याहून जास्त होतं. अम्मींचे वालिदैन हयात नसतील तर दोन भाऊ आणि एक बहीण यांचे पाच हिस्से होतात, दोन-दोन आणि एक. आधी कर्ज आणि वसीयत असेल ती वजा. नक्की मसला तुमच्या आलिमांकडून लिहून घ्या. पण एक हिस्सा चाळीस हजारांतला आठ हजार होतो आणि एक लाख तेवीस हजारांतला साडेचोवीस हजारांच्या वर. गिन्नी थोरल्या भावाने ठेवावी, जरूर ठेवावी, आठवण आहे. पण त्या दिवशीच्या भावाने त्यांच्या हिश्शात धरावी. जास्त होईल ते इतरांना रोख द्यावं. तांब्याचे पैसे बहिणीने आवडीने घ्यावेत. ते हिश्शाच्या जागी नव्हेत.

जकातीबद्दलही तिने विचारलंय. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅमचा रुपयाच, त्यामुळे जुनी माणसं साडेबावन्न रुपये मोजून निसाब सांगत. डब्यातल्या चांदीच्या रुपयांचं एकंदर वजन ५९० ग्रॅमच्या आसपास भरतं, निसाबाच्या थोडं खाली. पण वाटणी झाल्यावर प्रत्येकाने आपला हिस्सा आपल्या घरातल्या सोन्या-चांदी-रोख रकमेत मिळवून बघायचा असतो. ज्यात चांदी जास्त ते नाणं चांदीच धरतात ही हनफी फिकहची रीत. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयांचं आणि हौशी किमतीच्या नाण्याचं काय, हे मुफ्ती साहेबांना विचारा. माझं काम वजनापर्यंत.

बहिणीला मी कळवलं ते असं. व्यापाऱ्याला जुम्म्याची मुदत पाळायची गरज नाही म्हणून सांगा. तिघांनी एकत्र बसून यादी करा: साल, राजा, वजन, दोन्ही बाजूंचा फोटो. तिघांच्या सह्या. मग दोन वेगळ्या सराफांकडे तिघांपैकी दोघांनी मिळून जा आणि फक्त वजन व कस विचारा, विकायचं म्हणू नका. साधा डिजिटल काटा हल्ली घरीही मिळतो. चांगला झिजलेला रुपया साडेअकराच्या थोडा खाली भरेल, पण दहा भरला तर तो संशयी. खरा रुपया फरशीवर टाकला की खणखणीत वाजतो, ओतीव नकली बोदा वाजतो आणि त्याच्या कडेला जोड दिसतो. नाण्यावर छिन्नीची बारीक खूण दिसली तर घाबरू नका, ती जुन्या सराफाची परखणी. किंमत थोडी घटते, नाणं खरं असल्याचा पुरावा मात्र मिळतो.

१९११ च्या रुपयासाठी आणि तराजूच्या पैशांसाठी जाणकाराला दाखवा. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात जुनी नाणी पाहायला मिळतात. नाशिकजवळ अंजनेरीला मुद्राशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं नाण्यांचं दालन मुलांना घेऊन एकदा बघण्यासारखं आहे. आपल्या शहराच्या नावानेही टांकसाळ होती. अकबर आणि औरंगजेब यांच्या नाण्यांवर अहमदनगरचं नाव आलेलं आहे. पण असं काही शेतात नांगरताना किंवा वाड्याचा पाया खणताना निघालं, तर ते डब्यातल्या नाण्यांसारखं आपलं समजू नका. १८७८ चा कायदा आजही लागू आहे: जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की कलेक्टरला कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांपुढची नाणी परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून सामानात घालून देऊ नका, विमानतळावर अडचण होते.

शेवटी धुण्याचं. तिने लिहिलंय, दाखवायच्या आधी चिंच आणि राख लावून चकाचक करू का? नका करू. मी चौदा वर्षांचा असताना दादाजानच्या थैलीतले सगळे पैसे चिंचेत बुडवून आरशासारखे केले होते. त्यात एक तराजूचा होता, अक्षरं उठून दिसत होती, वर शंभर वर्षांचा तपकिरी रंग चढलेला. पुढे मुंबईला एका जाणकाराला दाखवला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन नुसतं माझ्याकडे पाहिलं. धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ कापडाने टिपा, घासू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी कागदाच्या पाकिटात एकेक ठेवा.

पुढच्या अंकात इन्शाअल्लाह हजच्या नोटांबद्दल लिहीन. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी दहा आणि शंभरच्या खास नोटा काढल्या होत्या, नंबराच्या आधी "एच-ए" ही अक्षरं. कुणाच्या घरी दादा-नानांच्या कागदांत अशी नोट असेल तर फोटो पाठवा. मूळ नोट किंवा नाणं मात्र पोस्टाने पाठवू नका. गेल्या महिन्यात संगमनेरहून एकांनी साध्या पाकिटात राणीचा रुपया पाठवला, पत्त्याशिवाय. तो माझ्याकडे जपून ठेवला आहे. यादी आणि साल सांगून घेऊन जावा.